अकरा अंडी

ग्विलिम रेडिएटर हौदात बुडवतो,
नळीतून हवा सोडतो
आणि बुडबुडे मोजत उभा राहतो.
"जाळी गेली. नवी बसवू.
वरची टाकी मात्र राहू दे, एलुनेद,
असलं पितळ आता कोण देतंय!"

स्वान्सीतला दुकानदार म्हणाला होता,
ॲल्युमिनियमचा घ्या, हलका, स्वस्त.
ती काही बोलली नव्हती.

ब्लोटॉर्चची निळी जीभ.
साठ वर्षांचा डाख पाघळतो, टाकी सुटते.
आत गंजाचा चहा,
आणि नळ्यांच्या तोंडाशी चिकटलेलं
तपकिरी, रबरासारखं काहीतरी.

ग्विलिम नखानं टोकरतो, हसतो.
"अंडं! जुनी युक्ती.
वाटेत गळती लागली की
फोडायचं आत, शिजून भोक बुजतं."

घाट. बॉनेटमधून वाफ.
सात वर्षांच्या तिच्या मांडीवर
मावशीला न्यायची डझनभर अंडी.
वडिलांनी न बोलता हात पुढे केला होता.

मावशीनं दारातच मोजली. अकरा.
"एक वाटेत फुटलं," ती म्हणाली होती,
वडिलांकडे न बघता.
खोटं नव्हतंच ते तसं.

ग्विलिम पत्र्यानं खरवडायला लागतो.
"थांब जरा," एलुनेद म्हणते.
मग म्हणते, "नाही, काढ.
गुरुवारी येऊ ना न्यायला?"