सात गुणिले पन्नास

वाल्पराइसोच्या बंदरावर, टेकडी चढणाऱ्या रुळांच्या
खालच्या थांब्याला खेटून आमचं दुकान:
दुर्बिणी दुरुस्त करून मिळतील.
मालक बाराओना. मी चौदा वर्षांची,
माझ्याकडे लोलक पुसायचं काम
आणि गिऱ्हाइकांशी न बोलायचं.

एदुविहेसबाईंनी दुर्बीण काउंटरवर ठेवली नाही,
आदळली.
"ही कमी पडते. वीसची द्या."
पोरगा रेमिहिओ मालवाहू जहाजावर लागला होता,
आदल्या संध्याकाळीच निघालेल्या.

बाराओनांनी कडेवर कोरलेले आकडे
अंगठ्यानं चाचपले.
"सात गुणिले पन्नास. सात म्हणजे
सातशे हातांवरचा माणूस
शंभर हातांवर असल्यासारखा दिसतो.
येत नाही तो, बाई. दिसतो.
पन्नास हे पुढच्या भिंगाचं तोंड, मिलिमीटरमध्ये.
पन्नासाला सातानं भागा:
सात मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका
मागच्या भिंगातून डोळ्यात उतरतो.
विशीतल्या खलाशाची बाहुली
अंधारात तेवढी उघडते.
तुमची-माझी पाच. जेमतेम.
बाकीचा उजेड बाहेर सांडतो."

"सांडू दे. वीसची दाखवा."

दाखवली. दारात उभं राहून
त्यांनी ती डोळ्यांना लावली
आणि बंदराच्या अंगात आलं.
क्रेन घुमली, मनोऱ्यावरचं घड्याळ घुमलं,
पेलिकन आला तो चोचीपुरता दिसून गेला.
"हलतंय सगळं."
"हात हलतोय," बाराओना म्हणाले, "वीसपट."
इतक्या हळू, की
लोलकावर मारायची फुंकर
माझ्या तोंडातच राहिली.

भिंग निवड करत नाही, हे मला तिथं कळलं.
बोट मोठी करतं, बोटीपुढचं धुकंही,
तापल्या पत्र्यांवरची हवा,
मनगटातलं रात्रभरचं जागरण.
आणि एका मर्यादेपुढे
डाग नुसता मोठा होत जातो,
त्याला नाव फुटत नाही.

"दिसेनासं कसं झालं? सांगा बरं नीट."
"आधी पोट गेलं. मग खोल्या.
मग धुराड्यावरचा लाल पट्टा.
तो बराच वेळ होता."
"मग तुमची दुर्बीण चांगली आहे.
जहाज लहान झालं नाही, बाई, ते बुड—"

जीभ चावली त्यांनी.
खलाशाच्या आईसमोर हा शब्द
आमच्याकडे कुणी काढत नाही.

"मावळलं," ते म्हणाले.
"पाण्याला पाठ असते. गोल.
तिच्या पलीकडचं
वीसची दाखवत नाही, शंभरचीही नाही."

बाई बराच वेळ काउंटरच्या लाकडाकडे बघत होत्या.
"मग काय करायचं?"
"घर कुठे?"
"तिसऱ्या वळणावर. समुद्रापासून चाळीस मीटर असेल."
पावतीच्या पाठीवर पेन्सिल चालली.
"तिथून क्षितिज बावीस-तेवीस किलोमीटरवर.
एकशेसाठीवर जा, पंचेचाळीस.
चौपट चढा, दुप्पट दिसेल."
"गुडघ्यांचं काय?"
त्याचं गणित पावतीवर नव्हतं.

नव्या पट्ट्याचे पैसे त्यांनी घेतले,
सुटे नव्हते तर वाट बघून घेतले.
जुनीच दुर्बीण गळ्यात घालून बाई गेल्या.

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
एका गुरुवारी मालक जेवायला गेल्यावर
मी वीसची उचलली, टेकडीच्या माथ्यावर रोखली:
गंजलेले पत्रे, पोपडे धरलेला निळा रंग,
दोरीवर एकच चादर,
आणि तिच्या कडेला, कठड्याला कोपर टेकून,
त्या.
चौकट अशी अरुंद की
त्यांच्या भोवतीची टेकडी नाहीशी झाली.
पाठ माझ्याकडे, तोंड पाण्याकडे.
खांदे हलत होते.

मी श्वास रोखून धरला.
तरी हलत होते.
थरथर तिकडची की माझ्या मनगटाची,
एवढंच
वीसची दुर्बीण सांगत नाही.