दोन पानं हातात

मे महिना, दुपारचे दोन. साखर पेठेतली लाइट गेली
आणि गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प झाले.
कानात मात्र खडखड तशीच.
स्रवंती म्हणाली, नान्ना, बसा इथं, पोकर शिकवते.

हैदराबादहून आलीय, चार दिवसांची रजा.
तिथं ऑफिसातली पोरं शुक्रवारी रात्री खेळतात म्हणे.
मी म्हटलं, पत्ते तू मला शिकवणार?
एकतीस वर्षं पत्तेच पाडले मी,
जेकार्डचे, पुठ्ठ्याचे.
भोक असलं की धागा उठणार,
नसलं की बसून राहणार.
चादरीवरचे मोर, वेली, काठाची कमळं,
सगळी आधी माझ्या भोकांतून गेलीत.

हे वेगळे, ती म्हणाली,
यांना भोकं नसतात.

पैसे नकोत, असं अम्मानं बजावलं,
म्हणून भाजलेल्या शेंगा. प्रत्येकी चाळीस, मोजून.
आणि मलाही वाट, म्हणाली ती,
मांडीवरचं सूप न हलवता,
तेंदूच्या पानात तंबाखू भरत.

दोन पानं हातात, कुणाला दाखवायची नाहीत.
पाच मधे, उघडी, सगळ्यांची.
आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक.
दर वेळी थांबून ठरवायचं:
शेंगा वाढवायच्या, बरोबरीच्या टाकायच्या,
का पानं पालथी घालून गप बसायचं.
सातातली बरी पाच आपली.
जोडी, दोन जोड्या, तीन सारखी,
मग ओळीनं पाच, मग एका रंगाची पाच.
ओळीपेक्षा रंग मोठा कसा काय?
कमी वेळा येतो म्हणून, नान्ना.
हे पटलं.

पहिल्याच डावात दोन राजे.
मी दहा शेंगा सरकवल्या,
दोघींनी पानं टाकली.
दुसऱ्यांदा एक्क्यांची जोडी, पुन्हा तेच.
अगं, खेळा की!
काय खेळायचं, स्रवंती हसली,
तुम्ही स्वतःच पुठ्ठा आहात, नान्ना,
भोकं आरपार दिसतात.

मग तो डाव.
मधे बदाम सत्ती, किलवर राणी, इस्पिक नव्वी,
चौकट दुर्री, आणि शेवटी बदाम दश्शी.
माझ्याकडे एक राणी. म्हणजे जोडी झाली.
स्रवंतीनं कधीच पानं टाकलेली.
अम्मानं एका विडीला दोरा गुंडाळला,
दातानं तोडला,
आणि पुढ्यातल्या सगळ्या शेंगा पदरानं लोटाव्यात तशा
मधे लोटल्या.

मी तिचं तोंड बघितलं.
कारखान्यातून परत येतानाचं तोंड.
चेकरनं निम्म्या विड्या छाटात फेकल्या तरी
आज सगळ्या पास, म्हणत
टोपली खुंटीला अडकवणारं.

टाकली मी पानं.
तिनं आपली दोन उचलून गड्डीत मिसळून दिली.

दाखव की, काय होतं?
बघायचं तर भरावं लागतं, स्रवंती म्हणाली.
नियम आहे.

शेठनं कॉम्प्युटर आणला त्या वर्षी
माझं पंचिंग मशीन भंगारात गेलं,
आणि मी सात महिने या उंबऱ्यावर होतो.
रोज संध्याकाळी विचारायचो, ज्वारी आहे का?
ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून म्हणायची,
अर्धा डबा आहे, जेवा तुम्ही.
झाकण मी कधी उघडलं नाही.

काय होतं गं तुझ्याकडे, मी पुन्हा विचारलं.
ती विड्या मोजत होती. पंचवीसचा कट्टा बांधेस्तोवर
ती कुणालाच उत्तर देत नाही.

तेवढ्यात लाइट आली.
शेजारचा माग आधी खोकला, मग सगळेच.
अजून एक डाव, मी ओरडून म्हटलं.
पण अम्मा उठलीच होती.
जिंकलेल्या शेंगा सोलून
उखळात लसूण, मीठ, तिखट,
आणि घाव घालता घालता म्हणाली,
आता कशानं खेळता?