नेफासितच्या चढावर

मसावा सोडलं तेव्हा काटा मधोमध होता.
गिंडा मागे पडलं, आणि काटा तांबड्यात.
फियाट अकराशे, माझ्याहून चार वर्षांनी थोरली.

"झाकणाला हात लावू नकोस," लेतेब्रहान म्हणाली,
"आधी तिला निवू दे."
रस्त्याकडेला गॅरेज तिचं: एक पत्रा, एक बाभूळ.

वरचा पाइप चटका देणारा, खालचा कोमट.
थर्मोस्टॅट काढून तिनं टाकला
चहाच्या पातेल्यात.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
दूध उतू जाईल म्हणून बघतात तसे.
उकळी आली. त्यानं हळूच तोंड उघडलं.
"हा बिचारा प्रामाणिक आहे."

पट्टा, पंखा, पंप. कुणाचाच गुन्हा नाही.
मग म्हणाली, "आत बस. दाब. अजून दाब."
खालचा पाइप
पोट आत ओढावं तसा चपटा झाला.
पाय काढला की पुन्हा गुबगुबीत,
डॉक्टरच्या दारात बऱ्या झालेल्या पोरासारखा.

"यात स्प्रिंग असते. कुठंय?"

आठवलं.
नवा पाइप घालताना मीच भिरकावली होती,
गंजलेली, नुसती बसून असलेली,
काही करत नाही म्हणून.

ती तार वळायला बसली.
मी पातेलं घासून ठेवलं.