कोनसेट

मल्लेशमनं इंजिनखाली ठोकळा सरकवला,
पुढचं चाक अधांतरी.
म्हणाला, मूठ धरू नका, नुसतं बोट लावा.
लावलं.
हँडल डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं
आणि मधोमध येऊन
टक् करून बसलं,
आपली जागा ठरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यागत.

"खाच पडलीय. सरळ चालवून चालवून."

सत्त्याऐंशीची राजदूत.
अशोक चौक ते अक्कलकोट रोड एमआयडीसी,
टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर.
सकाळी जाताना ऊन तोंडावर,
संध्याकाळी येताना परत ऊन तोंडावर.
कुठला माग अडखळतोय
ते भिंतीपलीकडून ऐकून सांगायचो,
आणि माझ्याच दोन मुठींच्या मधे
एवढं लोखंड झिजलं, पत्ता नाही.
खड्ड्यात ठक्क वाजायचं.
मी महापालिकेला शिव्या द्यायचो.

मे महिना, पत्र्याखाली त्रेचाळीस.
टी खाली ओढली तसे छर्रे सांडले
परातीत, कोरडे, तांबूस.
मल्लेशमचं सगळं बोलणं मराठीत,
मोजणी मात्र तेलुगूत:
ओकटी, रेंडु, मूडु...
पदिहेडु.
थांबला. परत मोजले. परात तिरपी करून बघितली.
चार कमी.
"आधी कोण खोललं होतं ही?"

कुणीच नाही, म्हणालो,
आणि म्हणता म्हणता आठवला
धाकटा नरहरी.
गड्ड्याच्या जत्रेला एका रात्रीसाठी नेलेली गाडी
सकाळी धुऊनपुसून दारात लावलेली.
इतकी स्वच्छ, की आईनं हळद लावली हँडलला.
आणि त्याच्या कोपराला रुमाल.
मौत का कुआँ बघितला म्हणाला,
बाकी काही बोलला नाही
एकोणतीस वर्षं.

खालची वाटी निघेना.
छिन्नी घसरली, बोटाचं साल गेलं,
मग पोरानं वेल्डिंगचा एक टिपका मारला आतून.
तापली, निवली, आकसली
आणि आपणहून हातात आली.
नवी वाटी तासभर
सरबतवाल्याच्या बर्फाच्या पेटीत,
लिंबांच्या शेजारी.
ग्रीसमध्ये छर्रे बसवले एकेक,
फोडलेल्या डाळिंबात दाणे परत लावल्यासारखे.
वर एकवीस, खाली एकवीस.
मी पण मोजले. माझ्या मनात.

"कसायचं किती?"
"सोडलं तर स्वतःच्या वजनानं पडलं पाहिजे.
धरून हलवलं तर हलता कामा नये.
ह्याच्या मधे कुठंतरी."
नटावर पाव आटा पुढं, थोडा मागं.
परत थोडा पुढं.

चहा येईपर्यंत भिवंडीला फोन लावला.
म्हटलं, नरहरी, चार छर्रे कुठंयत?
पलीकडं नुसते माग.
खडाक खडाक खडाक.
मग म्हणाला,
"अण्णा, त्या मेस्त्रीकडं तेवढेच होते रे."

साडेआठशे झाले. जुन्या वाट्या मागून घेतल्या.
अंगठा फिरवला की लागतात
आत ओळीनं छोटे छोटे खळगे.

परत येताना संध्याकाळचं ऊन.
हँडल इतकं हलकं
की शांती चौकापर्यंत गाडी
नवशिक्यासारखी डुलत आली.
मागून एक रिक्षावाला ओरडला,
"काका, सरळ चालवा की बे!"

तेच शिकालोय, म्हटलं.