समजा

समजा, बाहेर सेहेचाळीस.
समजा, हवेत ओल शेकडा बारा.
समजा, खोलीचं दार बंद आहे
आणि आत कोणी नाही.

हिंगण्याच्या शेडमध्ये पत्र्याखाली बसून
मी एकेक ओळ वहीत मांडते,
पेन्सिलने, मग खोडून, मग पेनने.
कूलरला अजून अंग नाही.
वाऱ्याचा वेग, ताटीची जाडी, पाण्याची धार,
आणि ते ग्रीक अक्षर, ज्याला रुपराव सोनकुसरे
'तुमचा शेपटीवाला एन' म्हणतो.

रुपराव एकवीस उन्हाळे कूलर बांधतोय.
पत्रा वाकवताना तो मोजत नाही, ऐकतो.
गेल्या सालापर्यंत इथली रीत अशी :
कापा, रिव्हेट मारा, चालवा, शिव्या द्या, तोडा.
एका बाराव्यासाठी अकरा भंगारात.
यंदा मी चाळीस तोडले, सगळे कागदावर.
भंगारवाला दोनदा रिकामा गेला,
आणि जाताना माझ्याकडे असं बघून गेला
की मला चहा कडू लागला.

कागद म्हणाला : सव्वीस.
आम्ही बांधला. दुपारी अडीचला चालवला.
काटा उतरत उतरत एकोणतिसावर आला
आणि पानठेल्यावरच्या रिकाम्या माणसासारखा
तिथंच बसला.

तीन अंश.
मी पंखा तपासला, मोटर तपासली,
स्वतःची बेरीज तपासली, दोन रात्री.
रुपरावने ताटीवर तळवा ठेवला
आणि हळू खाली नेला,
ताप आलेल्या पोराच्या पाठीवरून नेतात तसा.
"इथं पाणी येतच नाही, मॅडम.
बोअरचं पाणी हाय. खार बसते भोकाईत.
तुमच्या कागदावर ते सरळ पडते."
मग कोरडा कोपरा खडूने आखत :
"समजा समजा म्हणून राहिल्या.
समजून कधी घ्यान?"

वाळ्याच्या वासात मी चौकोन मोजले.
गणित मागत होतं शंभरातले पंधरा कोरडे.
त्याच्या खडूत चौदा निघाले.
एक अजून कुठेतरी आहे.

समीकरणात नवं अक्षर आलं, ग्रीक नव्हे : र.
भोकं रुंद केली, नळी तिरपी धरली.
साडेसव्वीस.
मी टाळी वाजवली. एकटीनेच.
"रात्री घरी या," रुपराव म्हणाला. "गोळीबार चौकात."

एक खोली, खाली सहा अंथरुणं,
खिडकीत आमचा कूलर.
दार सताड उघडं :
बंद केलं की ओल साचते, अंग चिकटतं,
आणि थोरला मागावरून दोनला येतो,
कडी काढायला उठणार कोण.

मी वही उघडली.
तिसरी ओळ. चौथी ओळ.
पेन्सिल मागितली तर त्याच्या नातीने आणून दिली,
टोक नसलेली,
आणि तिथंच उभी राहिली, मी काय खोडते ते बघत.