मर्यादेत

रात्रीचे साडेनऊ. इंदूर.
रायपूरचं शेवटचं उड्डाण माझं, आणि लॉगबुक मांडीवर.
अकरा तारखेचं अक्षर बक्षींचं, उजवीकडे कललेलं, घाईतलं.
तेरा तारखेचं जेरिनचं, शाळकरी, गोल.
सोळाचं कुणाचं ते ओळखू येत नाही,
पण पेन असं दाबलंय की मागच्या पानावर उठावं.
तिघांनी एकच लिहिलंय:
डाव्या चाकापाशी तेल पाझरतं.
तिघांच्या खाली उत्तरही एकच:
तपासले. मर्यादेत आहे.

मी खाली उतरते.
चौकसे टॉर्च दातात धरून वाकलाय.
हातात फडकं. पुसतो, थांबतो, पुसतो.
"पुसू नका," मी म्हणते, "मोजू."

मिनिटाला पाच थेंब चालतात. पुस्तकात तसं आहे.
घड्याळ लावून आम्ही उभे,
दोन घोडे माणसं, चहाच्या एका कागदी कपाकडे बघत.
सात.
"हवा थी, मॅडम."
पुन्हा. सहा.
पुन्हा. पाच, आणि सहावा नुसताच लोंबतोय,
साठाव्या सेकंदाला पडेना.
एकसष्टाव्याला पडला.
चौकसे माझ्याकडे बघतो. मी कपाकडे.

बाबा वजनमापे खात्यात होते.
सियागंजात ते दिसले की दुकानदार तराजूवरची धूळ झटकायचे.
थोडा फरक चालतो, बाबा सांगत, लोखंड आहे, झिजतं.
पण तो दोन्हीकडे पडायला हवा,
कधी गिऱ्हाइकाकडे, कधी दुकानाकडे.
रोज एकाच बाजूला पडणाऱ्या फरकाला
आमच्या खात्यात चूक म्हणत नाहीत.
मग काय म्हणतात, ते मी कधी विचारलं नाही.

फोन येतो. ऑपरेशन्सचा मुलगा, असेल सत्तावीसचा.
अडुसष्ट प्रवासी, मॅम. पार्ट परवा येतोय.
आजचा दिवस काढून घ्या.
आवाजात धमकी नाही. असती तर सोपं होतं.
फक्त "कॅप्टन पागनीस" एवढं तो जरा सावकाश उच्चारतो,
जणू कुठेतरी लिहून घेतोय.

थेंबाची भीती नाही वाटत मला.
हे विमान आज पडणार नाही.
उद्याही नाही, बहुतेक.
भीती वाटते ती माझ्या अक्षराची:
बक्षी, जेरिन, तो दाबून लिहिणारा,
त्यांच्या खाली मी, सुबक,
आणि माझ्या खाली पुन्हा तेच तीन शब्द.

लिहिते: विमान स्वीकारत नाही.
वेळ. सही.

मग अडुसष्ट माणसं माझ्या समोरून उतरतात.
झोपलेलं पोर खांद्यावर घेतलेली एक बाई,
शेवेचे चार डबे दोरीनं बांधलेला तिचा नवरा.
सहाव्या रांगेतले गृहस्थ माझ्याकडे न बघता
बायकोला सांगतात, "लेडीज पायलट है, डर गई."
मी "सॉरी सर" म्हणते. शिकवलंय तसं.

चौकसे शिडी ओढून नेतो, परत येतो.
"अच्छा किया, भिया," म्हणतो,
आणि जीभ चावून, "मॅडम."
त्याच्या खिशात पेन होतं की अकरा तारखेपासून.
मी ते बोलत नाही. त्याच्या घरी कोण कोण आहे मला माहीत नाही.
कप मात्र तो फेकत नाही. चाकाखाली नीट ठेवतो,
कडेला वेळ लिहितो, बावीस-चाळीस.

बिजासनच्या टेकडीवर दोनच दिवे.
घर पंधरा मिनिटांवर, म्हणून हॉटेल घेतलं नाही.
बाबा कडी काढतात. आज इकडे कशी?
मी सांगते. थेंब, कप, घड्याळ.
"शेवटी किती भरले?"
"पाच. सहावा एका सेकंदानं चुकला."
"म्हणजे पाचच की," बाबा म्हणतात.
तराजूसमोर बसायचे तसे बसतात, पाठ ताठ.
"मर्यादेत होतं."

मी बूट काढत राहते.
मग विचारते, जेवायला काही उरलंय का.