साधं

वर्धा रोडला, मेट्रोच्या खांबापलीकडचा पंप.
सकाळचे साडेनऊ, आणि मीटरवरचे आकडे
उन्हानं आत्ताच पुसट केलेले.
"कोनतं टाकू मॅडम? साधं का पावर?"
खिशावर नाव : उईके.
तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे बाहेर,
डोळ्यांत मागच्या रांगेची घाई.

चौदा वर्षं हा प्रश्न माझ्या खिडकीशी आला नव्हता.
तो पलीकडून जायचा
आणि उत्तरही तिकडूनच निघायचं :
पावर. फुल्ल.
काच वर घेता घेता विद्याधर म्हणायचे,
"गाडीला तरी चांगलं खाऊ घालू."
मी मांडीवरच्या पिशवीत फुटाण्याची पुडी शोधत असे.

ते गेल्यावर चार महिने गाडी कव्हराखाली.
मग बजाजनगरातल्या एका पोरानं मला क्लच शिकवला,
आणि समोरच्या कप्प्यात सापडलं गाडीचं पुस्तक,
प्लास्टिकच्या पिशवीत, कोरं करकरीत.
मी पुस्तक वाचणारी बाई.
पान एकशे बारा : ऑक्टेन, किमान एक्याण्णव.
बस. पुढे वायपरची माहिती.

महालात पराते मिस्त्रीला दाखवलं.
त्यानं बॉनेटवर कोपर टेकलं :
"ताकद नसते जी त्याच्यात. लोकायले वाटते.
कितीबी दाबा, ठिणगीच्या आधी पेटत नाही,
थांबते.
तो नंबर म्हणजे थांबायचा नंबर.
ज्या इंजिनात दाब जास्ती, त्याले लागते.
तुमचं तर साधं आहे बिचारं.
टकटक आयकू आली का कधी, चढावर?"

गाडीत नाही, म्हटलं.
तो पाना पुसत राहिला.

ठिणगीच्या आधी पेटणं मी ओळखते.
कूलरची मोटर बसलेली, मे महिना,
पाहुण्यांसमोर उसळीत मीठ कमी,
आणि भिंतीच्या आतून आल्यासारखा तो आवाज.
वाईट नव्हते ते.
रामटेकच्या पायऱ्यांवर माझी चप्पल तुटली तेव्हा
स्वतःची काढून दिली, आणि दगड तापलेले होते.
पण त्या घरात शंभर नंबरचं काही असेल
तर ते मी होते,
आणि तो भाव कुठल्याच मीटरवर दिसत नव्हता.

लागतं त्याहून जास्त सोसणं भरून ठेवू नये,
त्याचा उपयोग काही नाही,
पैसे तेवढे जातात :
हे कंपनीनं छापून दिलं होतं,
माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"साधं," मी म्हणते. "पाचशेचं."
"झिरो पाहून घ्या मॅडम."
पाहते. वाकून, हाताची सावली धरून, नीट.

मग पहिला गिअर,
आणि गाडी एक गचका खाऊन बंद.
मागून हॉर्न, त्याच्यामागून दुसरा.
उईके दुपट्ट्याआड हसते बहुतेक.
चूक क्लचची आहे.
पेट्रोल बरोबर आहे.